यादवीतील शिपाई
(गायकवाडी गृहकलह आणि सैनिकांचे दैनंदिन जीवन : इ. स. १७६८ ते १८०३)

बडोद्याचा इतिहास म्हटला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती श्रीमंत सयाजीराव महाराज तिसरे यांची कारकीर्द. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, कलाभवन आणि गावोगावी पोहोचलेली ग्रंथालये यांनी ती इतकी उजळून निघालेली आहे की तिच्यामागील शतकाकडे सहसा कोणी वळत नाही. जे वळतात त्यांना पिलाजीराव, दमाजीराव, फत्तेसिंगराव, गोविंदराव अशी राजनामावळी भेटते, तहांची कलमे भेटतात, लढायांच्या तिथी भेटतात. परंतु या लढाया ज्यांनी आपल्या देहावर झेलल्या, तो शिलेदार, तो बारगीर, तो प्यादा कोठे राहत होता, काय खात होता, त्याला पगार किती दिवसांनी मिळत होता, हे प्रश्न राजनामावळीत बसत नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

भाऊबंदकीच्या युद्धाला मराठीत ‘यादवी’ हा समर्पक शब्द आहे. ज्या प्रभासक्षेत्री यादवकुळाने परस्परांचा संहार केला, ते गुजरातच्याच किनाऱ्यावर आहे. योगायोग असा की मराठ्यांच्या आपसांतील कलहाची काही मोठी रणक्षेत्रेही याच गुजरातेत पडली. इ. स. १७३१ च्या एप्रिलमध्ये डभईजवळ थोरले बाजीराव व सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची गाठ पडून सेनापती कामास आले. पुढे १७६८ पासून १८०३ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, गायकवाड घराण्यात वारसाचा कलह थांबून थांबून पेटत राहिला. या कलहात राजे बदलले, कारभारी बदलले, स्नेही व शत्रू यांची अदलाबदल झाली. शिपायाच्या वाट्याला आलेले हाल मात्र सर्व पक्षांच्या छावण्यांत सारखेच होते.

कलहाची पार्श्वभूमी

दमाजीराव गायकवाड १७६८ च्या ऑगस्टमध्ये पाटण येथे निवर्तले. त्यांच्या पुत्रांपैकी सयाजीराव वयाने वडील, तर गोविंदराव थोरल्या राणीचे. त्याच वर्षी धोडपच्या लढाईत रघुनाथरावांच्या बाजूने लढताना गोविंदराव पेशव्यांच्या हाती सापडले होते आणि पुण्यास अटकेत होते. तेथूनच त्यांनी पन्नास लाखांवर रकमेचे करार लिहून देऊन ‘सेनाखासखेल’ हे पद मिळवले. पुढे १७७१ मध्ये रामशास्त्र्यांच्या निर्णयानुसार ते पद सयाजीरावांकडे गेले व त्यांचे धाकटे बंधू फत्तेसिंगराव मुतालिक झाले. नारायणराव पेशव्यांच्या वधानंतर रघुनाथरावांनी ते पुन्हा गोविंदरावांना दिले आणि दोन भाऊ बडोद्याच्या तटाच्या आत-बाहेर समोरासमोर उभे ठाकले.

या व्यवहाराकडे सैनिकाच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. पदासाठी द्यावयाचा नजराणा, मागील खंडणीची बाकी, दंड आणि सावकाराचे व्याज हे सर्व एकाच मुलखाच्या वसुलातून निघावयाचे होते. या मागणीदारांच्या रांगेत पुणे दरबार पहिला, सावकार दुसरा आणि शिपाई नेहमीच शेवटचा. मुलूख यादवीने उजाड होई तसतसा वसूल घटे. वसूल घटला की पगार तुंबे. आणि पगार तुंबला की फौजेला मुलूख लुटण्यावाचून गत्यंतर राहत नसे. त्या लुटीने पुढील वर्षाचा वसूल आणखी घटे. हे चक्र एकदा फिरू लागल्यावर ते थांबवणे कोणाही एका भावाच्या हाती राहिले नाही.

शिलेदार, बारगीर आणि प्यादा

गायकवाडी फौजेची रचना इतर मराठी फौजांसारखीच होती. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. पायी लढणारा तो प्यादा किंवा हशम. किल्ले, ठाणी व वेशी राखण्यासाठी ठेवलेल्या पायदळास शिबंदी म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या शिबंदीत अरब, सिंधी व पठाण यांचा भरणा वाढत गेला.

शिलेदाराला मोहिमेपूर्वी ‘नालबंदी’ म्हणून काही रक्कम आगाऊ मिळे. नावावरून ती घोड्याच्या नालांसाठी असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यातून घरची सोय, देणेकऱ्यांचे तोंड बंद करणे, खोगीर-राहुटीची डागडुजी आणि पहिल्या महिन्याचा दाणा-वैरण एवढे सगळे भागवावे लागे. पुढे चाकरी सुरू झाली की ‘रोजमुरा’, म्हणजे पोटापुरती उचल. उरलेला हिशेब मोहिमेच्या अखेरीस व्हावयाचा. तो होताना वर्षाचे बारा महिने पुरे धरले जात नसत; हजिरीत घोडा कमी भरला की कपात होई, नाणे बदलताना बट्टा जाई, आणि कित्येकदा रोकडीऐवजी कापड गळ्यात मारले जाई. एवढे होऊनही जी बाकी निघे, ती हाती पडेलच असे नसे.

शिलेदाराचे सारे भांडवल म्हणजे त्याचा घोडा. तो लढाईत पडला किंवा उपासाने मेला, तर त्याची भरपाई धन्याच्या मर्जीवर अवलंबून. घोडा गेला की शिलेदाराचा बारगीर होई आणि बारगिरीही न मिळाली तर प्यादा. मराठी स्वार हातघाईवर येण्यास का कचरतो, याबद्दल परकीय लेखकांनी अनेकदा उपहासाने लिहिले आहे. परंतु ज्याला एका गोळीने आपले घोडे, आपली रोजी आणि गावाकडील जमिनीवर काढलेले कर्ज एकदमच गमवावे लागणार, त्याच्या सावधपणाला भित्रेपणा म्हणणे न्यायाचे होणार नाही.

दाणा, वैरण आणि पाणी

फौजेबरोबर पोटापाण्याची सरकारी व्यवस्था नसे. लष्कराबरोबर बाजार चाले. वाणी, भडभुंजे, लोहार, न्हावी, तेली आपापली पाले घेऊन हिंडत. शिपायाने आपला शिधा या बाजारातून विकत घ्यावयाचा. पगार नसला की उधार. उधारीवर वाण्याचा भाव निराळा. १७७५ मध्ये कर्नल कीटिंगच्या पलटणीबरोबर आलेल्या जेम्स फॉर्ब्सने रघुनाथरावांच्या छावणीचे वर्णन लिहून ठेवले आहे. एखादे शहरच तंबूंसह चालत निघावे, असे ते दृश्य होते. लढणाऱ्यांहून न लढणाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक. या बुणग्यांची मराठी लेखकांनी थट्टा केली आहे; पण घोड्याला गवत कापून आणणारा, पाणी भरणारा, जखमीला डोलीत घालून नेणारा हाच वर्ग होता, आणि उपासाची पहिली झळही त्यालाच लागे.

माणसापेक्षा जनावराचा प्रश्न बिकट. घोड्याला रोज चंदी हवी, पेंढ्या हव्यात. चाऱ्यासाठी रोज पहाटे छावणीतून ‘कही’ बाहेर पडे. जवळची शेते दोन दिवसांत साफ होत. मग कही कोसकोस दूर जाऊ लागे. चरोतरातील शेतांना थोराच्या उंच कुंपणांच्या वाटा, महीच्या काठाला कोतरे. या कोतरांतून आणि वाटांतून कोळी व भिल्ल पाळत ठेवून असत. गवताच्या भाऱ्यासाठी गेलेला माणूस परत न येणे ही छावणीतील रोजची बातमी. रणांगणावर न पडता गवत आणताना पडलेल्या माणसाची नोंद कोणत्याही बखरीत होत नाही.

याच चाऱ्याची दुसरी बाजू रयतेची. जी बाजरी शिपायाच्या घोड्याने खाल्ली, ती कुणब्याच्या वर्षाच्या पोटगीतून खाल्ली. शिपाई स्वतःही बहुधा कुणब्याचाच मुलगा असे. आपल्या गावी कोणा दुसऱ्याच्या फौजेने हेच केले असेल, हे त्याला कळत नव्हते असे नाही. संवत १८४७ मध्ये, म्हणजे १७९०–९१ साली, गुजरातेत मोठा दुष्काळ पडला. तो लोकांच्या तोंडी ‘सुडताळो’ या नावाने राहिला. तेव्हा फत्तेसिंगराव नुकतेच निवर्तले होते व मानाजीराव कारभार पाहत होते. ज्या प्रांताच्या गाठीला यादवीने धान्य उरू दिले नव्हते, त्याला अवर्षणाचा तडाखा अधिक बसावा, हे ओघानेच आले.

आडास आणि डभईची छावणी

१७७५ चे वर्ष या हालअपेष्टांचा जणू नमुना आहे. वर्षारंभी रघुनाथराव बडोद्यास येऊन गोविंदरावांच्या वेढ्यात सामील झाले. परंतु हरिपंत फडके यांची फौज चालून येत आहे असे कळताच वेढा उठवावा लागला, आणि फेब्रुवारीत महीपलीकडे त्यांचा मोड झाला. रघुनाथराव खंबायतेकडे निसटले व तेथून भावनगरमार्गे समुद्रातून सुरतेस पोहोचले. धनी गलबतात बसून सुरतेस गेला. मागे राहिलेल्या शिलेदारांनी काय करावयाचे, याची तजवीज कोणी केलेली नव्हती.

मार्चमध्ये सुरतेचा तह झाला. त्यातील आर्थिक कलम मनन करण्याजोगे आहे. कंपनीने सातशे गोऱ्यांसह अडीच हजार माणसे द्यावीत आणि त्यांच्या खर्चासाठी रघुनाथरावांनी दरमहा दीड लाख रुपये भरावेत. हमी म्हणून सहा लाखांचे जवाहीर गहाण ठेवावे. पाहुण्या पलटणीच्या पगारासाठी दागिने गहाण पडले. स्वतःच्या शिलेदारांच्या चढलेल्या पगारासाठी गहाण ठेवावयास काही उरले नव्हते. एकाच छावणीत एक शिपाई महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून घेतो आणि शेजारचा वर्षाच्या बाकीची वाट पाहतो, हे दृश्य तेव्हापासून गुजरातेत दिसू लागले. पुढे देशी फौजांतील माणूस कंपनीच्या चाकरीकडे का ओढला गेला, याचे उत्तर शौर्य किंवा स्वामिनिष्ठा यांच्या चर्चेत शोधण्यापेक्षा या एका कलमात शोधणे अधिक उपयुक्त ठरेल.

१८ मे १७७५ रोजी आणंदजवळ आडासच्या मैदानात लढाई झाली. ऐन वैशाखातील तो चरोतर. यादवीचे एक खास संकट त्या दिवशी प्रकर्षाने दिसले. दोन्ही बाजूंचे स्वार एकाच वेषाचे, एकच बोली बोलणारे, सारख्याच खोगिरांवर बसलेले. जवळ येणारी तुकडी आपली की परकी, हे ओळखता येईना, आणि त्या घोटाळ्यात इंग्रजी पलटणीची फळी विस्कळीत झाली. त्यांच्याकडील मृत व जखमींची संख्या दोनशेंवर गेली. त्यांत अकरा गोरे अधिकारी होते. कंपनीच्या जखमींना भडोचेस नेता आले, कारण ते शहर १७७२ पासून कंपनीकडे होते. मराठी फौजांतील जखमदारांना असा ठिकाणा नव्हता. त्यांची भिस्त छावणीतील न्हाव्यावर, हळद-तेलाच्या पट्टीवर आणि सोबत्याच्या खांद्यावर.

लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांसाठी मराठी राज्यात ‘बालपरवेशी’ची चाल होती, जखमी झालेल्यास खर्चाला मिळे. ही चाल उदार होती यात संशय नाही. परंतु यादवीत तिचा आधार डळमळीत होई. एका भावाच्या चाकरीत मेलेल्या शिपायाच्या विधवेने दुसरा भाऊ गादीवर बसल्यावर कोणाकडे दाद मागावी? परचक्राविरुद्धच्या लढाईत मेलेला माणूस राज्यासाठी मेला, असे राज्याला मानता येते. यादवीत मेलेला माणूस हरलेल्या धन्यासाठी मेलेला असेल तर तो कोणासाठीच मेलेला नसतो.

आडासनंतर सर्वांच्या डोक्यावर पावसाळा उभा होता. जूनमध्ये हरिपंतांना घाईघाईने नर्मदा उतरावी लागली; काही तोफा नदीतच टाकाव्या लागल्या. रघुनाथरावांची फौज विजयी म्हणवली जात होती. तिने पुण्यावर चालून जावे असा बेत होता. परंतु चढलेला पगार हाती पडल्याखेरीज नर्मदा उतरणार नाही, असे फौजेने साफ सांगितले. साष्टी-वसईचे राजकारण, कारभाऱ्यांची मसलत, कंपनीचे मनसुबे हे सारे त्या एका नकारापुढे थबकले. अखेर कीटिंगने डभईस चातुर्मास काढला आणि रघुनाथरावांनी ढाढर नदीकाठी भिलापुरास तळ दिला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी दाभाडे जेथे पडले त्याच परिसरात हे सारे घडत होते.

डभईची भूमी कानमातील, काळी व चिकण. पहिल्या दोन सरींतच तिचा चिखल असा होतो की बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतावे. त्या चिखलात राहुट्या, ओली खोगिरे, पाय कुजलेले घोडे, भिजलेली दारू, न पेटणारी चूल आणि हिवताप. छावणीच्या चार महिन्यांत युद्ध नसे, म्हणून धन्याच्या लेखी खर्चही नसावयाचा. परंतु शिपायाचे पोट व घोड्याची चंदी दसऱ्याची वाट पाहत थांबत नसत. अशा वेळी डभईच्या रहिवाशांकडून जबरीने पैसा उभा करण्यात आला. फत्तेसिंगरावांनी तह करून सव्वीस लाख रुपये देण्याचे कबूल केले, तेही मुख्यत्वे फौजेची तोंडमिळवणी करण्यासाठी. गोविंदरावांची बाजू त्या तहात मागे पडली. ज्यांच्यासाठी म्हणून ही फौज गुजरातेत आली, त्यांनाच बाजूला सारून फौजेचा पगार भागवण्याची ही तजवीज होती. मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहाने रघुनाथरावांचा हा डावही निष्फळ झाला आणि १७७८ मध्ये फत्तेसिंगराव सेनाखासखेल म्हणून मान्य झाले.

धरणे आणि बांहेधरी

पगार न मिळालेल्या शिपायाच्या हाती एकच मान्य साधन होते. ते म्हणजे धरणे. सरदाराच्या डेऱ्यापुढे जमातीने बसावयाचे, आपण उपाशी राहावयाचे आणि त्यालाही अन्नपाणी घेऊ द्यावयाचे नाही. आज हा प्रकार बंडासारखा वाटतो. त्या काळच्या दृष्टीने तो हिशेबाच्या रीतीचाच एक भाग होता, आणि धरणे उठले की तीच माणसे त्याच सरदाराच्या चाकरीस पुन्हा उभी राहत. मात्र या रीतीचा दुरुपयोगही होई. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारदी शिरले ते चढलेल्या पगाराचा ओरडा करीतच. थकलेल्या पगाराची तक्रार इतकी नित्याची होती की तिच्या आडून एका पेशव्याचा खून करता आला.

बडोद्यात या प्रश्नाने निराळे वळण घेतले. हजरमौत व येमेनकडून आलेले अरब शिबंदीत शिरले, ते तोड्याच्या बंदुकीचे नेमबाज आणि बोलाचे पक्के म्हणून. हळूहळू शहराच्या वेशी त्यांच्या ताब्यात गेल्या. दरबाराच्या वचनावर सावकार पैसा देईना, तेव्हा त्या वचनाला अरब जमादाराने आपला शब्द जोडावयाचा, अशी चाल पडली. हीच ‘बांहेधरी’, म्हणजे बाहू धरून दिलेली हमी. गुजराती भाषेत हमीला आजही हाच शब्द आहे. करार मोडला तर जमादार आपल्या बंदुकांच्या जोरावर तो पाळावयास लावील, असा तिचा अर्थ. कोणी सरदार दरबारात जाण्यास भीत असेल, तर त्याच्या जीविताचीही बांहेधरी जमादार देत.

यातून विलक्षण गुंता झाला. शिबंदीचा पगार सावकाराच्या कर्जातून भागे, त्या कर्जाला हमी शिबंदीच्याच जमादाराची, आणि दोहोंची फेड ज्या वसुलातून व्हावयाची तो वसूल गोळा करावयास जाणारी फौजही पगारासाठी अडून बसलेली. जमादारांनी यात पैसा केला हे खरे. परंतु जमादाराच्या हाताखालचा साधा अरब शिपाई श्रीमंत झाला, असे समजू नये. समुद्रापार घर, मुलखाची भाषा येत नाही, शेतीवाडीचा आधार नाही. बाकी टाकून निघून जावे तर परतीच्या गलबताचे भाडे नाही. वेस धरून बसणे हीच त्याची ठेव होती. तिच्यावरचा हात काढला की हिशेब बुडालाच, हे त्याला अनुभवाने कळले होते.

सप्टेंबर १८०० मध्ये गोविंदराव निवर्तले. आनंदराव गादीवर आले, पण त्यांच्या प्रकृतीच्या दुर्बलतेमुळे सत्ता त्यांचे सावत्र बंधू कान्होजी यांनी बळकावली. जानेवारी १८०१ मध्ये अरबांनी कान्होजींना कैद केले आणि कारभार रावजी आप्पाजी यांच्याकडे आला. चढलेली बाकी चुकवण्याचे आश्वासन हे या क्रांतीचे मोल होते. ते चुकवणे रावजींनाही शक्य नव्हते. कडीचे मल्हारराव गायकवाड फौज घेऊन उठले, तेव्हा रावजींनी मुंबईच्या गव्हर्नर डंकनची मदत मागितली. मेजर वॉकर १८०२ च्या जानेवारीअखेर बडोद्यास आला. कडीची मोहीम उन्हाळ्याच्या तोंडाशी चालली आणि मे महिन्यात मल्हारराव शरण आले.

डिसेंबर १८०२

जून-जुलै १८०२ च्या करारांनी दोन हजार शिपायांची तैनाती फौज बडोद्याच्या गळ्यात पडली. तिचा खर्च दरमहा पासष्ट हजार रुपये, म्हणजे वर्षाला सात लाख ऐंशी हजार. जी शिबंदी परवडत नव्हती तिला रजा देण्यासाठी ही दुसरी फौज आणलेली होती. रजा देण्यापूर्वी बाकी चुकवणे भाग होते आणि बाकी चुकवण्यासाठी पुन्हा कर्ज. कंपनीने काही रक्कम दिली. हरिभक्ती, सामळ बेचर यांसारख्या पेढ्यांनी कंपनीच्या हमीवर उरलेली उभी केली. म्हणजे बांहेधरी गेली नाही. ती देणारा हात तेवढा बदलला.

बडोद्यात अरब शिबंदी सुमारे सात हजार होती. तिने शहर सोडण्यास नकार दिला आणि आनंदरावांना वाड्यात अडकवून ठेवले. डिसेंबरात कर्नल वुडिंग्टनने शहराला वेढा घातला. सुमारे दहा दिवस तोफा चालल्या. तटाला खिंडार पडल्यावर अरबांनी बोलणे लावले. हिशेबान्ती निघालेली साडेसतरा लाखांच्या आसपासची बाकी घेऊन त्यांनी राज्याबाहेर जावे, असे ठरले. ज्या रकमेसाठी दोन वर्षे शहर वेठीस धरले गेले, राजा कैदेत पडला आणि परकी तोफा बडोद्याच्या तटावर आल्या, ती रक्कम अखेर मिळाली ती बंदुका खाली ठेवल्यानंतर, परक्याच्या हातून.

शहरातील लोकांनी वेढ्याचे हे दिवस कसे काढले असतील याची कल्पना करता येते. तटाच्या आत शिबंदीबरोबर सावकार, कारागीर, ब्राह्मण, बायकामुले सारेच अडकलेले. रखवालीसाठी ठेवलेले शिपाईच वेशी अडवून बसलेले आणि सोडवणारे म्हणवणारे बाहेरून गोळे टाकीत. यादवीचे शेवटचे रूप ते हेच असते. रक्षक कोण व भक्षक कोण, हे सामान्य माणसाला सांगता येत नाही.

रजा मिळाल्यानंतर

बाकी घेऊन निघालेल्यांपैकी पुष्कळ अरब बंदरांकडे न जाता कैदेतून निसटलेल्या कान्होजींना मिळाले. कराराचा भंग म्हणून इंग्रजी कागदांत याबद्दल त्यांना दोष दिलेला आहे, आणि तो शब्दशः खराही आहे. परंतु वीस-वीस वर्षे बंदुकीवाचून दुसरे काही न केलेल्या माणसाने रजा मिळाल्यावर कोठे जावे, याचा विचार करार करणाऱ्यांपैकी कोणीही केलेला नव्हता. १८०३ च्या प्रारंभी कान्होजींचाही मोड झाला. एप्रिल १८०५ च्या तहाने तैनाती फौज तीन हजारांवर गेली आणि तिच्या खर्चासाठी अकरा लाख सत्तर हजारांचा मुलूख कंपनीकडे गेला. धोळके, नडियाद असे भरवशाचे परगणे त्यात होते. दरसाल शिपाई तीनशे नव्वद रुपये, हा त्या तहाचा साधा हिशेब. आपल्या शिपायाला त्याचा अंश वेळेवर देता आला असता तर हा मुलूख राहिला असता, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि ज्या राज्यात दोन भाऊ एकाच वसुलावर दोन फौजा पोसू पाहत होते, तेथे ते शक्य नव्हते, हेही तितकेच खरे.

देशी शिलेदारांची गत याहून शांतपणे झाली. काहींना काठेवाडच्या मुलूखगिरीत काम मिळाले. १८०७ मध्ये वॉकरने तेथील खंडणीचे आकडे कायम केल्यावर तेही कमी झाले. काही पागेत बारगीर म्हणून राहिले, काही कारकुनीकडे वळले. पुष्कळ जण देशावरील गावी परतले. तेथे दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत निराळ्या धामधुमी त्यांची वाट पाहतच होत्या.

पराभवांची कारणमीमांसा करताना आपल्याकडे दुही, फितुरी आणि परक्यांचे कपट यांवर बोट ठेवले जाते. गायकवाडी यादवीत ही तिन्ही होती. परंतु या पस्तीस वर्षांतील निर्णायक प्रसंग एकामागून एक तपासले, तर १७७५ मध्ये नर्मदाकाठी थांबलेली फौज, १८०१ मधील कान्होजींची कैद आणि १८०२ मधील शहराचा वेढा, या तिहींच्या मुळाशी एकच गोष्ट आढळते, ती म्हणजे वेळेवर न मिळालेला पगार. तो मागणाऱ्याला त्या काळच्या कागदांनी कधी फितुर म्हटले, कधी बंडखोर, कधी लोभी. क्वचितच कोणी त्याला उपाशी म्हटले आहे.

बडोदे सरकारने १९३० नंतरच्या दशकात आपल्या दप्तरातील निवडक कागद खंडशः प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, ही इतिहासाच्या अभ्यासकांवर मोठीच कृपा झाली. एलियट, गोविंद सखाराम सरदेसाई आदींच्या ग्रंथांतून राजकारणाचा धागा तर हाती लागतोच. परंतु जुन्या ग्रंथसंग्रहांत ठेवलेल्या अशा खंडांची पाने सैनिकाच्या दृष्टीने उलटली, की तहांच्या कलमांमध्ये व जमाखर्चाच्या रकान्यांमध्ये हा शिपाई जागोजाग उभा असलेला दिसतो. नालबंदी, रोजमुरा, बट्टा, बाकी हे त्याच्या आयुष्याचे शब्द आहेत. बखरीने त्याला नाव दिले नाही. हिशेबाच्या कागदाने निदान त्याचे येणे लिहून ठेवले. ते येणे कोणी वाचावयाचे, तर ते आता वाचकांनीच.